हाताशी होतं ते रोप

खडगपूर, रेल्वे क्वार्टर
१२ सप्टेंबर १९५६

चिरंजीव लहानूस,

तुह्या बाईचा, थोरल्या बहिनीचा, आशीर्वाद. मायले सांगजो, पोरगी पाया पडते म्हनून. तुह्या बायकोले, जिजाले, सांगजो का तिची लय आठवन येते. खोटं कायले बोलू, तिच्यापेक्षा तिच्या हातच्या भाकरीची जास्त येते.

इथं शेजारी एकीकडं तेलगू, एकीकडं बंगाली. सकायी दारात उभं राह्यलं का ती काई म्हनते, मी काई म्हनते, दोघी हासतो अन् आपापल्या घरात जातो. दिवसभर मराठी बोलाले कोनी भेटत नाई. मंग तुहे भाऊजी ड्युटीवरून आले का मी त्यांचं डोस्कं खाते. ते म्हनतात, इंजिनाचा आवाज बरा.

क्वार्टरपुढं वीतभर जागा हाय. डालड्याच्या डब्यात सदाफुली लावली, ते बकरीनं खाल्ली. झेंडू लावला, तो बी त्याच बकरीनं खाल्ला. आता मी काई लावत नाई, बकरीच पाह्यते. चांगली गुबगुबीत झाली माह्या फुलांवर.

आपलं अंगन डोये मिटून पाह्यते. कुंपनाशी गुलबाक्षी फुलली असन. तिच्या काळ्या बिया मिरे म्हनून मी इकत होती अन् तू गिऱ्हाईक. एक खेप खरंच चावून पाह्यल्या अन् बोंबलत मायकडं पयाला, आठवते का? मोरीपाशी मोगरा. झेंडूले कळी धरली असन. बा गेले त्या साली कोनी झेंडू लावला नव्हता, तरी आपोआप उगवला होता अन् माय त्याच्याशी भांडली होती, तुले फुलाले हेच साल भेटलं का म्हनून. अन् मधात तुळस.

लहानू, एक नक्की लिहून कळवजो. माय अजून सकायी उठल्याबरोबर, चहाच्या अगुदर, तुळशीले गडूभर पानी घालते का? बाकी काई नाई लिहिलं तरी चालन.

आता मुद्द्याचं. मले दिवस गेले हायेत. चौथा लागला. तीन महिने कोनाले सांगू नाई म्हनतात, म्हनून पत्र नव्हतं. अगुदरच्या दोन खेपा कशा गेल्या, तुले मालूम हाय. लग्नाले आठ वर्सं झाली, सासरचे आता इचारत बी नाईत. ह्या खेपेले मले अल्लीपूरलेच याचं हाय. इथं रेल्वेचा दवाखाना मोठा हाय, पन कळा येतील तवा मी 'माय' म्हनन तं तथी ओ कोन देईन? मायच्या हाताखाली झालं तं सारं बरं होईन, असं मनात बसलं हाय. माघ लागला का घ्याले येजो.

मायले हळूच सांगजो. एकदम सांगशीन तं ते मोहल्ल्यात गूळ वाटन, अन् मले भेव वाटते.

तुही बाई,
धुरपता


अल्लीपूर, तालुका हिंगणघाट
२५ ऑक्टोबर १९५६

सौ. धुरपताबाईस, लहानूचा सप्रेम जयभीम.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेला नाही हे ध्यानात घ्यावे. विसरलो नाही.

तुझी बातमी मी मायला हळूच सांगितली. तिने गूळ वाटला नाही. मोरीपाशी जाऊन पदर तोंडाला लावून बसली, मग उठून जुन्या लुगड्याची दुपटी फाडायला लागली. माघात मी घ्यायला येतोच. तिकिटाची चिंता करू नये, या हंगामात मी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलो आहे.

आता मोठी गोष्ट. दसऱ्याला आम्ही सर्व नागपूरला जाऊन आलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मोहल्ला पायीच निघाला. मायचे पाय सुजले, पण म्हणाली, "तिथं जाऊन बसीन." पांढरं लुगडं तिने जिजाकडून निळीत धुऊन घेतलं होतं. एवढी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. बाबासाहेबांनी एक एक प्रतिज्ञा सांगितली आणि आम्ही हात जोडून म्हटली. बाई, मायचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. मी रडलो. कोणाला सांगू नको.

घरी आल्यावर मायनेच देव्हाऱ्यातले टाक काढून माझ्या हाती दिले. म्हणाली, "नेऊन सोड नदीत. यायनं आपल्यासाठी कधी दार उघडलं?" मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर माय गडू घेऊन तुळशीपाशी उभी! मी म्हणालो, माय, हे काय? ती म्हणे, "पानीच घालते. पूजा कोठी करते?" मी म्हणालो, मग गुलबाक्षीला घाल. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मोहल्ल्याच्या बैठकीत आपले पुढारी बाबारावांनी सर्वांसमोर म्हटलं, "लहानू भाषण चांगलं देते, पण त्याच्या मायले तुळस सुटत नाई." सगळे हसले. तू सांग, मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याच्या घरचे देव काढायला जाऊ? आधी घरातून सुरुवात पाहिजे. दुसऱ्या सकाळी माय उठायच्या आत मी तुळस मुळासकट उपटली, मातीचा ओटा फोडला आणि सर्व उकिरड्यावर टाकून आलो. बाकीच्या झाडांना हात लावला नाही. फुलझाडांशी माझं भांडण नाही.

माय गडू घेऊन बाहेर आली. पाहत राहिली. तेव्हापासून बोलत नाही. जेवते, काम करते, पण एक शब्द नाही.

तू पण पत्रात तुळशीचीच चौकशी केली. बाई, तुझं मन अजून तिथंच अडकून आहे काय? तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की घालत होती, आता नाही. तू शिकलेली आहेस. दोन ओळी लिहून मायची समजूत काढजो. माझं ऐकत नाही.

रामाजी भाऊजींना जयभीम.

तुझा भाऊ,
लहानू


अल्लीपूर
२० डिसेंबर १९५६

बाईस, जिजाचा जयभीम.

तुमच्या भावाले न विचारता लिहून राह्यली, तरी रागावू नका. माझं अक्षर चौथीतलंच हाय, समजून घ्या.

बाबासाहेब गेल्याचं ऐकलं तेव्हापासून मोहल्ल्यात चूल धड पेटली नाई. तुमचे भाऊ मुंबईले जातो म्हणून निघाले. हिंगणघाटवर गाडीच्या दाराले लोंबकळाले बी जागा भेटली नाई. परत आले अन् मोगऱ्यापाशी बसून लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. माय त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मले वाटलं, आता तरी बोलन. नाई बोलली.

बाई, तुम्ही दिवाळीपासून पत्र काऊन लिहिलं नाई? डाकवाला गल्लीत आला का माय हातातलं काम ठेवून दारात जाते. तो पुढं गेला का परत येते. तुमचं बरं हाय ना? पोट कसं हाय? दोन शब्दांचं कार्ड तरी टाका.

दुसरी गोष्ट लिहू का नको, असं चाललं होतं. तुळस नाई, ओटा नाई, नुसती उघडी जागा हाय. तरी माय रोज सकाळी उठते, गडू भरते, अन् त्या उघड्या मातीवर पाणी घालते. हात जोडत नाई, काई म्हणत नाई. पाणी मुरेपर्यंत उभी राह्यते. येणारे-जाणारे पाह्यतात. कोणी म्हणते म्हातारीच्या डोस्क्यावर परिणाम झाला. तुमचे भाऊ आधी चिडले, आता सकाळी अंगणात येतच नाईत, मागच्या दारानं जातात.

काल मी हिंमत केली. म्हटलं, माय, इथं तं काईच नाई, पाणी कोणाले घालता? इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणे, "पोरीले तहान लागली असन."

कोणत्या पोरीले? आमच्या घरात पोरगी नाई. मी भिऊन गेली. तुमच्या भावाले सांगितलं नाई. तुम्हाले काई समजत असलं तं लिहा.

जिजा


रेल्वे दवाखाना, खडगपूर
२ जानेवारी १९५७

लहानू,

हे पत्र एकट्यानं वाचजो. मायच्या पुढं नाई.

भावाले लिहायची ही गोष्ट नोहे, पन आता लाज धरून भागत नाई. लेकरू झालं का त्याच्यामागून वार पडते, एवढं तं तुले मालूम असन. आपल्याकडं ते कोठी फेकत नाईत, घरच्याच जागेत खोल पुरतात. कोनाले सांगत नाईत. कोनी वाईट मनाचं उकरीन, लेकराले बाधा करीन, म्हनून. बायाबायांतच राह्यते हे. बाले बी मालूम नसन.

माह्या हळदीच्या दिवशी मायनं मले अंगनात नेलं अन् सांगतलं, "धुरपते, तुही वार ह्या तुळशीखाली हाय. ओळखाले निशानी पायजे म्हनून वर रोप लावलं. ते वाळलं का त्याच्याच मंजुळा तथीच चोळते. आता तू दूर चालली, तवा मी रोज सकायी इथं पानी घालीन. तू जथी असशीन तथी तुले पोचन." मी लगनात रडली नाई म्हनून बाया नावं ठेवत होत्या ना? माहं रडनं अगुदरच होऊन गेलतं, तुळशीपाशी.

तवापासून मी रोज सकायी उठून पयलं पानी पेते. भुकेलं राह्यलं तरी चालन, पन ते पानी पेते. मले वाटते, मायनं धाडलं.

लहानू, मायनं देवाले पानी घातलं नाई रे. मले घातलं.

तू म्हनशीन, हे बी खुळच. असन. मले कोठी नाई म्हनाचं हाय? तुहं पत्र आलं अन् चार दिवसांनी माह्या अंगावरून रक्त गेलं. दवाखान्यात टाकलं. तुहं पत्र अन् हे, यांचा काई संबंध नाई. डॉक्टरीन म्हनते अंगात रक्त कमी हाय, उठाचं नाई, पायाखाली इटा लावून खाट उंच केली हाय. मी बी म्हनते, संबंध नाई. दिवसा तं नक्की म्हनते.

लेकरू हाय पोटात. हालते. पन डॉक्टरीन म्हनते गाडीत बसाचं नाव काढू नका. तवा माघात तू येऊ नको. अल्लीपूर राह्यलं. बाळंतपन इथंच, ह्याच खाटेवर. मी किती दिवसांपासून मनानं तथी येऊन बसली होती, मोगऱ्यापाशी खाट टाकली, जिजाले शेक द्याले सांगतलं, सारं मनात मांडून ठेवलं होतं. ते एकेक उचलून राह्यली आता.

मायले दवाखान्याचं सांगू नको. आठव, तिनं दोन खेपा सोसल्या हायेत माह्या. तिच्या जिवाले तुळस उपटली तवापासून काय लागलं असन, ते तुह्या ध्यानात आलं का आता?

तुह्यावर राग नाई म्हनत नाई. हाय. पन तू रडला ते जिजानं लिहिलं, अन् मले वाटलं, मी असती तं तुहं नाक पुसून देलं असतं. मंग कानाखाली बी देली असती.

बाई


अल्लीपूर
१८ जानेवारी १९५७

बाई, जयभीम.

तुझं पत्र मी शेताच्या धुऱ्यावर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग उकिरड्यावर गेलो. तुळशीची काटकी सुद्धा राहिली नाही, तिच्यावर खत पडलं, गाडी भरून कोणाच्या तरी वावरात गेली.

माझा विश्वास नाही यावर. हे मी तुला आधीच स्पष्ट लिहितो. झाड उपटल्यानं माणसाला काही होत नाही, आणि हे मी भर सभेत सांगीन. पण तू दवाखान्यात आहेस हे वाचल्यापासून मी काय सांगीन अन् काय नाई, बाई, मलेच समजून नाई राह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं गेलो नाही. माय पाणी घालून राह्यली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "माय, मले मालूम नव्हतं." तिनं पाहिलं. मग म्हणे, "पोरगी बरी हाय का?" मी म्हणालो, हो, चांगली हाय. तिनं गडू माझ्या हातात दिला. अर्धा राह्यला होता. मी ओतला.

नेमके बाबाराव रस्त्यानं जाऊन राह्यले होते. थांबले. "काऊन लहानू? तुळस गेली तरी पूजा चालूच?" बाई, मला वाटत होतं की माझ्याकडं उत्तर नसेल. पण निघालं तोंडातून. म्हणालो, "माह्या बहिणीले पाणी देऊन राह्यलो. खडगपूरले हाय ते." ते माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मायनं त्यांना एका वाक्यात सगळं सांगितलं, जे बायका कोणाला सांगत नाहीत ते. बाबाराव खाली पाहून म्हणे, "मग मायबाई, बैठकीत सांगाचं ना." माय म्हणे, "बैठकीत सांगाची गोष्ट व्हय का ते?" बाबाराव गेले. दुपारी त्यांची बायको कुंपणाले लावाले काट्या देऊन गेली, बकरी शिरू नाई म्हणून.

मग माय अन् मी मोरीपाशी बसलो. मी लहान असल्यासारखं विचारलं, "अन् माही कोठी हाय?" खरं सांगू, मला राग आला होता. आठ वर्षं रोज पाणी तुला. मला काय? माय हसली, बाई! तीन महिन्यांनी हसली. म्हणे, "तुही ह्या मोगऱ्याखाली. आंघोळीचं सारं पानी त्यालेच जाते. तू घरीच हास, तुले न मांगता भेटते. जे दूर गेलं त्याले नेऊन घालावं लागते."

मी उठून गेलो तिथून. बसवलं नाई.

तिथं नवं रोप कोणतं लावायचं, ते मायनं ठरवावं. तुळस लावली तरी मी आता काही बोलणार नाही. बाबारावांनाही बोलू देणार नाही.

तुझ्या तब्येतीचं कार्ड दर आठवड्याला टाकजो. भाऊजींना लिहायला सांग. नुसतं 'बरी आहे' लिहिलं तरी चालेल.

लहानू


अल्लीपूर
१५ फेब्रुवारी १९५७

(बाई, माय सांगते तसंच लिहून राह्यली. मधात मी काई घातलं नाई. – जिजा)

धुरपते,

तू दवाखान्यात हास ना? लहानूनं सांगतलं नाई. पन "चांगली हाय" म्हनताना त्यानं कान खाजवला. लहानपनी गूळ खाऊन असाच कान खाजवत होता. मी इचारलं नाई. त्याले बी एक खोटं पचू द्यावं.

माहं आइक. भेऊ नको. मी भेली होती, ते खरं हाय. तो उपटलेला खड्डा पाह्यला. वाटलं, आता माही पोरगी उताना पडली कोठी तरी. म्हनून बोलत नव्हती. लहानूवर रागानं नाई. तोंड उघडलं तं वाईटच निघन, अन् दोन जिवाच्या पोरीसाठी मायच्या तोंडून वाईट निघू नाई.

मंग रोज पानी घालता घालता समजलं का पानी तं मुरून राह्यलं. तुळस होती तवा जसं मुरत होतं तसंच. जागेले काई फरक नाई. उपटलं ते झाड. तू तं खाली हास.

अन् तुळशीचं म्हनशीन तं तुले एक गंमत सांगते. तू झाली त्या दिवशी दाई म्हने, वर काईतरी लावून टाक, जागा ध्यानात राहीन. तुह्या बानं आजूबाजूले पाह्यलं. कोनाच्या तरी दारातून वाहत आलेलं तुळशीचं रोप मोरीच्या कडेले उगवलं होतं. तेच हाताशी होतं, ते आनून देलं मले, कायले पायजे ते मालूम नसताना. वांग्याचं रोप हाताशी असतं तं मी वांगं लावलं असतं, अन् लहानूनं सभेत भाषन देलं नसतं.

पान्यानं त्या जागी तुळशीचीच दोन रोपं उगवली होती, बारीक बारीक. लहानू म्हने, "माय, राहू दे." मीच उपटली. शेजारच्या मालिनीच्या नातवाले खोकला होता, त्याले देली काढ्यासाठी. नागपूरले मी हात जोडून जे म्हनली ते काय खोटं म्हनली होती? ते बी खरं, अन् तू बी खरी.

तथी आता गुलबाक्षीचा कंद लावला. ते दिवे लागायच्या वक्ताले फुलते, अन् तू बी दिवे लागायच्या वक्तालेच झालती. लहानूनं खड्डा खनला. लय खोल खनून राह्यला होता, मी म्हटलं, बावा, हळू, तुही बहीन हाय.

सकायचं पयलं पानी पेत जाय. मी घालून राह्यली. येनं झालं नाई तं नाई. जथी हास तथीच उताना पडून राह्य अन् हात-पाय हालवू नको. कळा आल्या का "माय" म्हन. मी इथून ओ देईन. तुले आइकू नाई आलं तरी मी देईन.

दुपटी दहा झाली. जिजा म्हने आता घरात लुगडं राह्यलं नाई.

तुही माय


खडगपूर
२३ मार्च १९५७

माय,

पोरगी झाली. दहा दिवस झाले. मी उठून बसून लिहून राह्यली. दोघी बऱ्या हावो. काळी सावळी हाय, नाक बाचं. रडते तं लहानू सभेत बोलते तसं, थांबतच नाई.

मले दवाखान्यातच ठेवलं होतं, तुले समजलंच होतं. कळा आल्या, मी "माय" म्हनली. डॉक्टरीन ओरडली, चिल्लाव मत. पन मी तुह्या 'ओ' साठी थांबली. आला का नाई, ते सांगत नाई. तू दिवे लागायच्या वक्ताले काय करून राह्यली होती त्या दिवशी, ते मले लिहून कळवजो.

आता एक वाईट. मी शुद्धीवर आली अन् पयलं वार मांगितली. नर्स बादलीत टाकून घेऊन गेली होती. मी तेलगू आयाले इशाऱ्यानं इचारलं, जमीन दाखवली, हात खाली केला, पुरल्यासारखं केलं. तिले काई समजलं नाई. तिनं मले ग्लासभर पानी आनून देलं. मी पेली अन् रडली.

तसं इथं पुरून बी काय केलं असतं? क्वार्टर आज इथं, उद्या बदली झाली का चक्रधरपूर. रोज पानी कोन घालीन? तुहे जवाई म्हनतात, रेल्वेवाल्याची वार इंजिनालेच बांधावी.

पन सातव्या दिवशी तिची नाळ गळाली. वाळलेली, लवंगेएवढी. ते मी ठेवली. तूच फाडून धाडलेल्या दुपट्याच्या चिंधीत बांधली अन् ह्या पाकिटात घातली. माय, ते माह्या शेजारी पुरजो. मी आली नाई, येनं कवा होईन, मालूम नाई. डॉक्टरीन म्हनते पावसाळा होईपर्यंत परवास नाई. तोपर्यंत तिचं एवढंसं तरी घरी पोचलं पायजे. अल्लीपूरचं मानूस हाय ते, खडगपूरचं नोहे.

रोप कोनतं लावाचं ते लहानूनं ठरवावं. त्यानं एक उपटलं, एक त्यानं लावावं. फिट्टंफाट.

नाव ठेवलं नाई. तू ठेवजो.

धुरपता


अल्लीपूर
४ एप्रिल १९५७

बाई, जयभीम.

पाकीट पोचलं. डाकवाल्यानं हातात देताना दाबून पाहिलं, म्हणे आत काय आहे? मी म्हणालो, माझी भाची. तो हसला. त्याला वाटलं फोटो.

मायनं चिंधी सोडली नाही. तशीच ओंजळीत धरून उन्हात बसली, जिजानं जेवायला बोलावलं तरी उठली नाही. त्या संध्याकाळी काय करत होती, ते विचारलं. म्हणे, "काय करीन? ओ देऊन राह्यली होती." जिजा म्हणते, खरं आहे, तिनं ऐकलं, पण तिला वाटलं शेजारीण हाक मारते.

मग दिवे लागायच्या वेळी आम्ही गुलबाक्षीच्या शेजारी खड्डा खणला. मी दिवसभर विचार करत होतो, कोणतं रोप लावावं. पिंपळ लावावा असं मनात होतं, बाबारावांनी पण तेच सुचवलं, त्यांनी रोप आणायला सेलूला माणूस पाठवतो म्हटलं. पण नाळ ठेवली, माती टाकली, अन् माय म्हणे, "आता लाव, थांबू नको." मी आजूबाजूले पाह्यलं. मोरीपाशी जिजानं वांग्याची रोपं टाकली होती. तेच हाताशी होतं.

माय एवढी हसली की तिला ठसका लागला. अन् मग त्याच तोंडानं रडली.

आता रोज सकाळी गडू दोनदा भरते. दुसऱ्या खेपेला मी नेऊन देतो, कारण तिला वाकवत नाही. काल मी मोगऱ्यालाही एक गडू घातला, मुद्दाम. माय म्हणे, "काऊन रे?" म्हणालो, मले बी पाहिजे.

नाव तिनं ठेवलं नाही. म्हणते, तोंड पाह्यल्याशिवाय नाव कसं ठेवू? तोवर तशीच राहू दे. अन् सांगून ठेवते की पहिल्या वांग्याचं भरीत तू पोरीले घेऊन आल्याशिवाय होणार नाही. मी म्हटलं, माय, वांगं काय थांबते? पिकून पिवळं होईन. ती म्हणे, होऊ दे पिवळं. वाळू दे. बी काढून पुन्हा त्याच जागी टाकू.

तवा बाई, जवा होईन तवा येजो.

लहानू